कैदी सुटतो तेव्हा पीडिताला कोण विचारतं?

१५ ऑगस्ट २०२२ रोजी गोध्र्याच्या उपकारागृहातून जन्मठेपेचे अकरा कैदी बाहेर आले. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानो यांच्यावर झालेला सामूहिक बलात्कार आणि त्यांच्या कुटुंबातल्या माणसांचे खून, या गुन्ह्यांत ते दोषी ठरले होते. बाहेर त्यांच्या गळ्यात हार पडले, मिठाई भरवली गेली. बिल्किस यांना मात्र सुटकेची खबर ती झाल्यानंतरच लागली. एवढा मोठा निर्णय घेण्याआधी माझ्या सुरक्षिततेची कुणी चौकशीसुद्धा केली नाही, असं त्यांनी नंतर जाहीर निवेदनात म्हटलं.

त्यानंतरच्या गदारोळात न्याय, धर्म, राजकारण, सगळं बोलून झालं. एक रूक्ष प्रश्न मात्र कोपऱ्यात राहिला: कायद्याप्रमाणे त्यांना आधी विचारणं बंधनकारक होतं का? उत्तर असं की, आपल्याकडे बहुतेक गुन्ह्यांत तशी सक्ती नाही. गुन्हा नोंदवल्यापासून शिक्षा होईपर्यंत पीडित व्यक्तीला गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बरेच हक्क मिळाले. पण शिक्षा झाली, तुरुंगाचं दार लागलं, की त्यापुढचा व्यवहार सरकार आणि कैदी या दोघांतच चालतो. याला काही अपवाद आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळे वापरले जात नाहीत. ते नीट कळायचे तर आधी कैदी तुरुंगातून बाहेर कसा येतो, हे पाहावं लागेल.

बाहेर येण्याच्या वाटा

गावात एवढंच कळतं की अमका सुटून आला. पण तो कोणत्या वाटेने आला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पहिली वाट जामिनाची. इथे बहुतेकदा खटला चालू असतो, माणूस अजून दोषी ठरलेला नसतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यासाठी एक मोठी सवलत आहे. कलम ४७९ प्रमाणे, गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आरोपीने कच्च्या कैदेतच काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यात येत नाहीत.

दुसरी वाट रजेची, म्हणजे फर्लो आणि पॅरोल. आपल्या तुरुंग खात्याच्या कागदांवर फर्लोला ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. दोन्हींचे नियम १९५९ पासूनचे आहेत, अर्थात पुढे ते अनेकदा बदलले. संचित रजेसाठी खास कारण लागत नाही. लांबच्या शिक्षेत माणसाची घराशी नाळ तुटू नये म्हणून ती असते, आणि हे दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा कारणासाठी मिळते: घरात मृत्यू, गंभीर आजार, लग्न. तिचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, म्हणजे तितके दिवस पुढे आत काढावे लागतात. यातली कुठलीच रजा म्हणजे सुटका नव्हे, कैद्याला ठरल्या तारखेला परत हजर व्हावं लागतं. मुंबईत वडाळ्याला एका तरुण वकील महिलेचा खून केल्याबद्दल जन्मठेप झालेला सुरक्षारक्षक २०१६ मध्ये नाशिक कारागृहातून पॅरोलवर गेला आणि परत आलाच नाही. तो सापडला २०१७ मध्ये, थेट काश्मीरमध्ये. मधल्या काळात त्या मुलीच्या आईवडिलांनी काय दिवस काढले असतील, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

तिसरी वाट म्हणजे माफीचे दिवस. तुरुंगात काम केलं, वर्तणूक चांगली ठेवली, की दर महिन्याला काही दिवस शिक्षेतून कमी होतात. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत हा हिशोब साधा असतो. अभिनेता संजय दत्त पाच वर्षांच्या शिक्षेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्याहून काही महिने आधी सुटला, तो याच हिशोबाने.

चौथी वाट मुदतपूर्व सुटकेची. वाद होतो तो हिच्यावर, म्हणून तिच्याकडे सावकाश येऊ. आणि पाचवी वाट राज्यघटनेतली: कलम ७२ खाली राष्ट्रपती आणि कलम १६१ खाली राज्यपाल शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

जन्मठेप नेमकी किती वर्षांची?

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ असं सांगणारा माणूस प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतो. ‘दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, म्हणून सातच वर्षं’ असं सांगणाराही भेटतो. दोघांच्या म्हणण्याला कायद्यात आधार नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो एका महाराष्ट्रातल्याच कैद्यामुळे. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे याने अर्ज केला होता की, मिळालेले माफीचे दिवस धरले तर माझी वीस वर्षं भरली, आता मला सोडा. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफीचे दिवस कितीही साठले तरी त्यामुळे जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटत नाही, त्यासाठी सरकारने वेगळा आदेश काढावा लागतो. तसा आदेश निघून गोडसे १९६४ मध्ये बाहेर आला.

मग वीस आणि चौदा हे आकडे कुठून आले? वीस आला तो दंडसंहितेतल्या एका हिशोबी कलमातून. ‘शिक्षेचा अमुक हिस्सा’ काढायचा असेल तेव्हा जन्मठेप वीस वर्षांची समजायची, एवढंच ते कलम सांगतं. चौदाचा आकडा महत्त्वाचा आहे, पण उलट्या बाजूने. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारलासुद्धा कैद्याला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. माफीचे दिवस या चौदात धरत नाहीत. म्हणजे चौदा ही सुटकेची तारीख नाही, सुटकेचा विचार सुरू करण्याची सर्वांत लवकरची तारीख आहे. जुन्या फौजदारी संहितेत ही अट कलम ४३३-अ मध्ये होती, नव्या संहितेत ती कलम ४७५ मध्ये आहे.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एक मधला मार्ग काढला आणि २०१५ मध्ये घटनापीठाने तो पक्का केला. फाशी जास्त होते आणि चौदा वर्षं कमी पडतात असं वाटलं, तर सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय ‘वीस वर्षं सूट नाही’, ‘तीस वर्षं सूट नाही’ किंवा ‘मरेपर्यंत सूट नाही’ असं निकालातच लिहू शकतं. सरकारची सूट देण्याची मुभा तेवढ्या काळापुरती बंद होते. आपल्या प्रकरणातल्या निकालाच्या शेवटच्या पानावर असं वाक्य आहे का, हे पीडित कुटुंबाने एकदा तरी वाचून घ्यावं.

फाईल कशी फिरते

मुदतपूर्व सुटकेचा अधिकार राज्य सरकारचा. नव्या संहितेतलं कलम ४७३, जुन्यातलं ४३२. कैदी अर्ज करतो किंवा कारागृह स्वतः प्रस्ताव तयार करतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, धोरणात बसणाऱ्या कैद्याच्या अर्जाची वाट पाहू नका, त्याचा विचार आपणहून करा. वकील परवडत नाही म्हणून गरीब कैदी सडत राहतो, या वस्तुस्थितीकडे पाहता हा आदेश योग्यच म्हणायला हवा.

प्रस्तावात कारागृहातल्या वर्तणुकीचा अहवाल असतो, पोलिसांचं आणि जिल्हा प्रशासनाचं मत असतं, आणि ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत असतं. न्यायाधीशांचं मत ही निव्वळ औपचारिकता नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यात कारणं हवीत, ‘सोडू नये’ एवढी एक ओळ चालणार नाही. हे सगळं गृह विभागात पोचतं आणि तिथे कैद्याला एका प्रवर्गात बसवलं जातं. महाराष्ट्राचे याबद्दलचे शासन निर्णय वेळोवेळी बदलत आले, १९९२, २००८ आणि २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयात वारंवार येतात. गुन्हा कशातून घडला, किती क्रूर होता, बळी कोण होतं, यावरून किती वर्षांनी सोडायचं ते ठरतं.

आता यातली गोम अशी की धोरण बदलत राहतं आणि कैदी म्हणतो, मला माझ्या वेळचं लावा. सर्वसाधारण नियम असा की शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागू. नंतरचं धोरण कैद्याला जास्त सोयीचं असेल तर तो त्याचाही फायदा मागू शकतो. अरुण गवळीचं प्रकरण यावरच अडलं होतं. शिवसेनेच्या नगरसेवकाच्या २००७ मधल्या खुनात त्याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली. राज्याच्या २००६ च्या धोरणात वयोवृद्ध, अशक्त कैद्यांना सवलत होती, पुढे २०१५ मध्ये मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या कैद्यांना त्यातून वगळलं. शिक्षा मधल्या काळातली, त्यामुळे जुनं धोरण लागू, असं म्हणत नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये, अपील प्रलंबित असताना, त्याला तिथूनच जामीन मिळाला, पण ती वाट वेगळी.

सूट द्यायची की नाही हे ठरवताना काय पाहायचं, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एका निकालात घालून दिले आणि आजही सगळीकडे तेच वापरले जातात. गुन्हा व्यक्तीपुरता होता की समाजाला हादरा देणारा होता. तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे का. कैद्याची गुन्हा करण्याची ताकद संपली आहे का. त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का. आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक-आर्थिक परिस्थिती काय आहे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. कैद्याच्या घरची परिस्थिती त्यात आहे. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांच्या परिस्थितीचा उल्लेख नाही. ते अजून त्याच गल्लीत राहतात का, साक्ष दिलेला मुलगा आता कुठे आहे, कैद्याच्या भावकीकडून त्रास होतो का, हे विचारायला वेगळा रकाना नाही. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात तेव्हा एखादा चांगला अधिकारी पीडितांच्या घरी जाऊन जबाब घेतो. एखादा ‘शांतता भंग होण्याची शक्यता नाही’ असं टेबलावरच लिहून मोकळा होतो. सगळं त्या अधिकाऱ्यावर.

महाराष्ट्राचा अधिकार, गुजरातचा आदेश

बिल्किस बानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुटका रद्द केली ती भावनेवर नव्हे, अधिकाराच्या एका प्रश्नावर, आणि त्याचं उत्तर मुंबईत होतं. गुजरातमध्ये निष्पक्ष सुनावणी होणार नाही म्हणून २००४ मध्ये खटला मुंबईला हलवला गेला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने शिक्षा दिली, मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

संहिता सांगते की, ज्या राज्यात शिक्षा सुनावली गेली त्या राज्याच्या सरकारने सूट देण्याचा निर्णय घ्यायचा. गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठल्या तुरुंगात आहे, याला महत्त्व नाही. म्हणजे अधिकार महाराष्ट्र सरकारचा. पण एका कैद्याने मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडूनच ‘गुजरातने विचार करावा’ असा आदेश मिळवला होता. गुजरातने १९९२ चं आपलं जुनं धोरण लावून अकराही जणांना सोडलं. मुंबईच्या विशेष न्यायालयाचे न्यायाधीश आणि तपास करणारी सीबीआय, दोघांचं मत विरोधात होतं.

८ जानेवारी २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने ते सगळं रद्द केलं. गुजरातला अधिकारच नव्हता, आणि मे २०२२ चा आदेश महत्त्वाच्या गोष्टी लपवून मिळवला होता, असं न्यायालयाने म्हटलं. दोन आठवड्यांत हजर व्हा म्हणून सांगितलं, आणि २१ जानेवारीच्या रात्री सगळे गोध्र्याच्या तुरुंगात परतले.

सर्वसामान्य पीडिताच्या दृष्टीने या निकालातली सर्वांत उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. बिल्किस यांची स्वतःची याचिका न्यायालयाने ऐकण्याजोगी मानली. म्हणजे सूट देण्याचा आदेश झाल्यावर पीडित व्यक्ती त्याला न्यायालयात आव्हान देऊ शकते, हे आता वादातीत आहे. अडचण एवढीच की आव्हान आदेशानंतरचं आहे. आदेश निघण्याआधी विचारलं जावं, अशी सोय या निकालातून आपोआप होत नाही.

शिक्षेपर्यंतचे हक्क

उलट, शिक्षा होईपर्यंत कायदा बराच बदलला आहे. २००९ च्या अखेरीपर्यंत ‘पीडित’ या शब्दाची फौजदारी संहितेत व्याख्याही नव्हती. फिर्यादी हा सरकारी पक्षाचा एक साक्षीदार, बस्स. मग दुरुस्ती झाली. पीडित व्यक्तीत तिचे पालक आणि कायदेशीर वारस धरले गेले. आरोपी निर्दोष सुटला, किंवा हलक्या कलमाखाली दोषी ठरला, किंवा भरपाई कमी मिळाली, तर अपील करण्याचा हक्क थेट पीडिताला मिळाला. नव्या संहितेत तो कलम ४१३ मध्ये आहे.

नव्या संहितेने यात भर घातली. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची. पीडिताच्या वतीने वकील असेल तर दोषारोपपत्राच्या प्रती मोफत द्यायच्या. आणि सरकारने खटला मागे घ्यायचा ठरवला तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही. शेवटची तरतूद मला विशेष वाटते, कारण राजकीय गुन्हे मागे घेताना आजवर कुणी कुणाला विचारत नसे.

जामिनाबद्दल मोठा निकाल एप्रिल २०२२ चा आहे. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी इथे शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याच्या प्रकरणात, केंद्रीय मंत्र्याचा मुलगा आशिष मिश्रा याला अलाहाबाद उच्च न्यायालयाने जामीन दिला होता. ऑनलाइन सुनावणीत पीडितांच्या वकिलांचा संपर्क तुटला आणि त्यांचं म्हणणं पुरतं ऐकलंच गेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द केला आणि सांगितलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मिश्राला अटींवर अंतरिम जामीन दिला, त्यात उत्तर प्रदेशात आणि दिल्लीत राहायचं नाही ही एक अट होती. पीडितांचं ऐकून घेतलं, अटी घातल्या, आणि तरीही जामीन दिला. ऐकून घेण्याचा हक्क म्हणजे हवा तो निर्णय मिळण्याचा हक्क नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

दोन कायदे, जे दाराबाहेरही पोचतात

शिक्षेनंतरही पीडिताची आठवण ठेवणारे दोन कायदे आपल्याकडे आहेत. पहिला ॲट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कलम १५-अ आलं आणि जानेवारी २०१६ पासून ते लागू झालं. न्यायालयातल्या प्रत्येक कामकाजाची, जामिनासह, वेळेवर आणि नेमकी सूचना पीडिताला किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्यांना द्यावीच लागते. आणि जामीन, दोषमुक्ती, सुटका, पॅरोल, दोषसिद्धी, शिक्षा, या सगळ्या बाबतींत त्यांना म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. ‘सुटका’ आणि ‘पॅरोल’ हे शब्द कलमातच आहेत. ही सूचना ऐच्छिक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात बजावलं. मंत्रालयातली फाईल या कलमाच्या कक्षेत येते का, यावर सरकारी वकील वाद घालतील. घालू देत. बाकीच्या पीडितांना तर वाद घालायलाही कलम नाही.

दुसरा पॉक्सो, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा. त्याच्या २०२० च्या नियमांत पोलिसांनी मुलाला आणि पालकांना काय काय कळवायचं याची यादीच आहे: अटक, दोषारोपपत्र, सुनावणीच्या तारखा, आणि आरोपी किंवा गुन्हेगार सध्या आत आहे, जामिनावर आहे की सुटला आहे, हेसुद्धा. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका जनहित याचिकेवर हे नियम प्रत्यक्षात पाळले जावेत म्हणून राज्यातल्या पोलिसांना आणि न्यायालयांना तपशीलवार निर्देश दिले. तरीही आरोपी शेजारच्या इमारतीत परत राहायला आला हे आईला जिन्यात कळतं, असं होतंच.

मग नकाराधिकार द्यावा का?

इथे माझं मत ऐकायला कडू वाटेल. पीडिताला आधी कळवलं पाहिजे आणि ऐकून घेतलं पाहिजे. पण सुटका रोखण्याचा अंतिम अधिकार तिच्या हातात देऊ नये.

एक कारण असं की पीडितांची मतं एक नसतात. दिल्लीतल्या जेसिका लाल खून प्रकरणात मनू शर्माला सोडायला तिच्या बहिणीने २०१८ मध्ये तुरुंगाला पत्र लिहून हरकत नसल्याचं कळवलं, आणि तो २०२० मध्ये सुटला. राजीव गांधी हत्येतल्या नलिनीच्या फाशीबाबत सोनिया गांधींनीच दयेची भूमिका घेतली होती, पण त्याच स्फोटात जखमी झालेल्या आणि माणसं गमावलेल्या इतरांनी दोषींच्या सुटकेला उघड विरोध केला. एकाच गुन्ह्यात क्षमा करणाऱ्याचं धरायचं की न करणाऱ्याचं?

दुसरं कारण जास्त व्यवहारी. ज्या दिवशी पीडिताची संमती सुटकेची किल्ली ठरेल, त्या दिवसापासून कैद्याचे पाहुणेरावळे तिच्या ओट्यावर येऊन बसतील. ‘वहिनी, झालं गेलं विसरा, एक सही द्या.’ सोबत सरपंच, सोबत पैसे, आणि शेवटी धमकी. नकाराचा अधिकार कागदावर बळ देणारा दिसतो, पण खेड्यात एकट्या राहणाऱ्या बाईच्या गळ्यात तो धोंडा होऊ शकतो. तिला न विचारणं हा अन्याय आहेच, पण सगळा निर्णय तिच्यावर ढकलणं हाही वेगळ्या प्रकारचा अन्यायच.

इंग्लंड-वेल्समध्ये यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. हिंसक किंवा लैंगिक गुन्ह्यात बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, तर पीडिताला एक संपर्क अधिकारी मिळतो. सुटकेचा विचार सुरू झाला की तो कळवतो. ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ हे ठरवण्याचा अधिकार पीडिताला नाही, पण सुटल्यावर त्याने या भागात पाऊल ठेवू नये, माझ्याशी संपर्क करू नये, अशा अटी ती मागू शकते. तिथेही सगळं गोड नव्हतं. अनेक स्त्रियांवर अत्याचार करणारा लंडनचा टॅक्सीचालक जॉन वॉरबॉयज याला सोडायचा पॅरोल मंडळाचा निर्णय पीडित स्त्रियांनी न्यायालयात नेला आणि मार्च २०१८ मध्ये तो रद्द झाला. मंडळाच्या निर्णयांची कारणं तोपर्यंत पूर्ण गोपनीय असत, ती गोपनीयता त्यानंतर सैल झाली. २०२४ मध्ये पीडित आणि कैदी या दोघांबद्दलचा एकत्र कायदाही तिथे झाला.

आपल्याकडे अटींची सोय कायद्यात आधीच आहे. सूट सशर्त देता येते, आणि अट मोडली तर ती रद्द करून कैद्याला परत आत घेता येतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढंच सांगितलं की अटी मनमानी नसाव्यात आणि रद्द करण्याआधी कैद्याला नोटीस द्यावी. म्हणजे ‘फिर्यादीच्या गावात राहायचं नाही’ अशी अट घालायला नवा कायदा लागत नाही. ती हवी आहे, हे सांगणारा कागद फाईलमध्ये असावा लागतो.

तो कागद कसा पोचवायचा

शिक्षा झाल्यावर बहुतेक कुटुंबं फाईल बांधून माळ्यावर टाकतात. ती टाकण्याआधी खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचं नाव, शिक्षेची तारीख आणि कैदी कोणत्या कारागृहात गेला, एवढं एका वहीत उतरवून ठेवावं. निकालाची प्रमाणित प्रत काढून घ्यावी.

मग साधा अर्ज करावा, मराठीत चालतो. आम्ही अमुक प्रकरणातले पीडित किंवा वारस आहोत, कैद्याची संचित रजा, अभिवचन रजा किंवा मुदतपूर्व सुटका यांचा विचार होईल तेव्हा आम्हाला कळवावं आणि आमचं म्हणणं घ्यावं, आमचा पत्ता आणि फोन असा आहे. हा अर्ज कारागृह अधीक्षकांना, आपल्या पोलीस ठाण्याला आणि ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथे द्यावा. ॲट्रॉसिटीचं प्रकरण असेल तर कलम १५-अ चा आणि पॉक्सोचं असेल तर २०२० च्या नियमांचा उल्लेख करावा. पत्ता बदलला की पुन्हा कळवावा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत येण्याचे प्रकार काही थोडे नाहीत.

भीती खरी असेल तर ती स्पष्ट शब्दांत लिहावी: कोणी, कधी, काय म्हटलं. ‘आमच्या जिवाला धोका आहे’ या वाक्यापेक्षा ‘अमुक तारखेला त्याचा भाऊ घरी येऊन असं म्हणाला’ हे वाक्य फाईलमध्ये जड पडतं. धमकी आली तर तिची वेगळी तक्रार नोंदवावी. साक्ष दिलेल्या माणसाला २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. जिल्ह्यातली समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते आणि ती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. भरपाई राहिली असेल तर तीही तिथेच मागता येते. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे.

सूट देण्याचा आदेश निघालाच आणि तो चुकीचा वाटला, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे पाहिलं जातं ते एवढंच: अधिकार योग्य सरकारचा होता का, योग्य धोरण लावलं का, न्यायाधीशांचं कारणांसह मत घेतलं का, आणि हाती असलेली माहिती डावलली का. शेवटच्या प्रश्नासाठी तुमच्या अर्जाची पोच उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आवक कारकुनाकडून आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. ‘साहेब रजेवर आहेत, उद्या या’ म्हणाले तर टपालाने, पोचपावतीसह पाठवावा.